रावसाहेबांची आगबोट

मनुष्य कसा आहे हे जाणावयाचे असेल तर त्याच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहू नये; त्याच्या मागे कोण उभे आहे ते पाहावे. हे मत मी कोणाच्या ग्रंथातून घेतलेले नाही. नाशिकच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली पत्र्याची पेटी मांडून मी गेली सत्तावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. शाळा सहाव्या इयत्तेत सुटली. तथापि माझ्या हातचा अर्ज मजकुराच्या दोषासाठी कोणत्याही साहेबाने आजवर परत केलेला नाही, आणि पदवी घेतलेले वकीलसुद्धा अडचणीच्या वेळी आपल्या कारकुनास माझ्याकडे पाठवितात. तेव्हा रावसाहेबांविषयी कोणी लिहावयाचे, हा प्रश्न आमच्या गल्लीत उद्भवतच नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या अंगणातील मोटार भंगारवाल्यांनी गॅसने कापून नेली. तीन हातगाड्या भरल्या. शेवटची हातगाडी माझ्या दारावरून गेली तेव्हा तिच्यावर डिकीचे झाकण उताणे पडले होते आणि एका वळणावर ते उलटले. त्याच्या आकाशी रंगात दोन ठिकाणी, दोन हातांच्या अंतरावर, रंग पार उडून पांढरा पत्रा चमकत होता. तो रंग कशाने उडाला हे हातगाडीवाल्यास ठाऊक नव्हते. गल्लीतील सर्वांस ठाऊक आहे.

रावसाहेब ही पदवी नव्हे, आईबापांनी ठेवलेले नाव. परंतु ते नाव त्यांनी पदवीसारखे वापरले. मखमलाबादच्या रस्त्यास त्यांची फुलांची बाग होती. गुलाब, शेवंती, झेंडू. राहावयास पंचवटीत आमच्याच गल्लीत, अगदी टोकाला. अंगाने उंच, नाक सरळ, मिशी बारीक कातरलेली, डोक्यावर उन्हाळ्यातसुद्धा करड्या रंगाची फेल्ट हॅट. कानात अत्तराचा फाया. कोणाशीही बोलताना ते त्याच्या खांद्यावर हात ठेवीत आणि तो हात उचलला गेला की मनुष्यास उगाच थंडी वाजल्यासारखे होई. असा मनुष्य मी दुसरा पाहिला नाही.

देवळालीच्या एका बंगल्यात एक वृद्ध पारशीण राहत असे. रावसाहेब तिला रोज फुले पोचवीत. ती मुलाकडे परदेशी जावयास निघाली तेव्हा तिच्या शेडमध्ये कोंबड्यांनी अंडी घातलेली एक अमेरिकन मोटार उभी होती. भंगारवाला दारात आला होता. रावसाहेबांनी त्यास परत पाठविले, आणि विहिरीलगतचे शेवंतीचे वावर विकून ती मोटार घेतली. त्या वावरातील शेवंती सरस्वतीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, स्वतः लावलेली होती. त्यांना वावर गेल्याचे दुसऱ्याकडून कळले.

मोटार गल्लीत आली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पुढे बैलजोडी जुंपली होती. आत चाकामागे हॅट घातलेले रावसाहेब. मागून सरस्वतीवहिनी आणि त्यांची एकुलती मुलगी कुसुम, दोघी पदर खोचून ढकलीत होत्या. मोटार एवढी रुंद की ओट्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांस पाय वर घ्यावे लागले. मागे माशासारख्या दोन शेपट्या, पुढे नाकावर पंख पसरलेला चकचकीत पक्षी. शेजारच्या शांताबाई आपल्या ओट्यावरून ओरडल्या, "अगं बाई, ही तर आगबोट! गंगेला पूर आला की आपल्याला हीच कामाला येईल." तेव्हापासून आगबोट हेच नाव पडले.

त्या मोटारीचे सुकाणू डाव्या अंगास होते. यामुळे उजवीकडे, जेथे आपल्याकडे चालक असतो, तेथे शेजाऱ्याने बसावयाचे. ती जागा रावसाहेबांनी पहिल्याच दिवशी मला दिली. "नाना, तुम्ही लेखणीचे माणूस. तुम्ही पुढं बसा." समोरून येणारे लोक मलाच मालक समजून नमस्कार करीत. मी तो स्वीकारीत असे. पुढील गाडी ओलांडताना डावीकडच्या चालकास समोरचे काही दिसत नाही. म्हणून रस्ता मोकळा आहे किंवा कसे, हे सांगण्याची जबाबदारी माझ्यावर होती, आणि ती मी माझ्या इतर कामांप्रमाणेच नीट पार पाडली. एका प्रसंगाचा अपवाद सोडून. तो पुढे येईल.

आता धक्क्याविषयी. मोटारीचा सेल्फ कधी लागला नाही. रावसाहेबांच्या दारापासून गंगेकडे, म्हणजे आमच्या गोदावरीकडे, उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडापर्यंत चाळीस पावले सपाट आहेत. रोज सकाळी फुलबाजाराच्या वेळेस ती चाळीस पावले वहिनी आणि कुसुम मोटार ढकलीत नेत. वहिनी उजवीकडे, कुसुम डावीकडे. उतार लागला की मोटार आपोआप धावे. रावसाहेब दुसरा गिअर टाकून क्लच सोडीत. मोटार एक हिसका देई, खोके, आणि निळा धूर त्या दोघींच्या तोंडावर सोडून सुरू होई. सुरू झालेली मोटार थांबविली तर पुन्हा बंद पडे. त्यामुळे ज्याने ढकलले त्यास तीत बसता येत नसे. दोघी तशाच तोंड पुशीत घरी परत जात आणि मी पुढे बसून कोर्टापर्यंत जात असे.

रावसाहेब मागे मान वळवून कधी पाहत नसत. वरच्या आरशात पाहत. एकदा मी सहज विचारले, तर म्हणाले, "नाना, गाडीत आरसा कशाला दिलाय? मागचा माणूस दमला का, ते बघायला."

"आणि दमला तर?"

"तर 'मारा' म्हणायचं."

आणि खरोखरच, "मारा!" हा एक शब्द ते असा काही म्हणत की रस्त्याने जाणारा अनोळखी मनुष्यही सायकल भिंतीला टेकवून पाठीमागे हात लावी.

मी त्यांचे दोषच सांगतो आहे असे कोणी म्हणू नये. मोटार चालू असे तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आसन इतके मऊ की बसलेला मनुष्य खाली खाली जाई आणि तेथेच राहावे असे त्यास वाटे. आडगावच्या पुढे आग्रा रोड सरळ लागला की ती मोटार आवाज न करता पाण्यावरून गेल्यासारखी जाई. रेडिओ केव्हाच मुका झालेला. रावसाहेब त्याचे बटण फिरवीत आणि गाणे स्वतः म्हणत. आवाज चांगला होता. दसऱ्याला गल्लीतील प्रत्येकास सोमेश्वरपर्यंत चक्कर मिळे, सफाईवाल्यापासून सर्वांस, आणि दार ते स्वतः उघडून धरीत. त्या मोटारीत बसलेला कोणीही मनुष्य स्वतःस लहान वाटत नसे. हे मी पुढच्या जागेवरून सांगतो. मागच्या जागेवरील लोकांचेही मत असेच होते. मोटारीच्या बाहेर, मागे, जे होते त्यांना कोणी विचारले नाही.

वणीला देवीच्या दर्शनास आम्ही गेलो होतो, तेव्हाचा तो अपवाद. त्या दिवशी पेट्रोल पंपावरच्या माणसांनी धक्का दिल्यामुळे वहिनींना आत बसावयास मिळाले होते. मागे एकट्याच, मांडीवर ओटीचे सामान घेऊन, खिडकीतून बाहेर पाहत. दिंडोरीच्या पुढे एक बैलगाडी ओलांडावयाची होती. रावसाहेबांनी विचारले, "नाना, रस्ता?" मी म्हणालो, "समोरून कोणतेही वाहन येत असल्याचे दिसत नाही, तथापि रस्त्याच्या उजव्या बाजूस एक वृद्ध स्त्री आपल्या शेळ्या घेऊन..." वाक्य पूर्ण होण्याच्या आत शेळी मेली.

मोटार थांबली, म्हणजे अर्थातच बंद पडली. म्हातारी शेळीपाशी बसून बडवून घेऊ लागली. "मपली दूधवाली गेली! लय वाटोळं केलं रं बाबा!"

रावसाहेब खाली उतरले. हॅट काढली. म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, ऐक. ही गाडी अमेरिकेची हाय. तालुक्यात कुणाची शेळी अमेरिकेच्या गाडीखाली मेलीय का आजपस्तोर?"

म्हातारी रडता रडता थांबली. "नाय."

"तुझी पहिली. नाव राहील तुझं."

आणि सांगावयास आश्चर्य वाटते, म्हातारीने नाक पुसून त्या मोटारीकडे एकदा पाहिले आणि ती हसली. दोन मिनिटांनी ती वहिनींच्या शेजारी उभी राहून मोटार ढकलीत होती. मी पुढे बसून होतो. आरशात मला दिसले की ढकलता ढकलता वहिनींनी ओटीतला देवीचा खण काढून म्हातारीच्या कमरेला खोचला. देवीची ओटी त्या दिवशी नुसत्या नारळाने भरली गेली. वहिनी मोटारीमागे पळत आल्या आणि रावसाहेबांनी दार उघडे धरले होते त्यातून चालत्या गाडीत चढल्या.

पुढे कुसुमचे लग्न झाले. मुलगा सुरगाण्याकडे शाळामास्तर. पाठवणी आगबोटीतून करावयाची हे रावसाहेबांनी पत्रिकेच्या आधी ठरविले होते. मोटारीस झेंडूच्या माळा घातल्या, नवरामुलगा आत बसला, मुलगी आत बसली, मी पुढे बसलो. रावसाहेब आरशात पाहून म्हणाले, "मारा!"

मागे वहिनी एकट्या होत्या. चौघांनी भरलेली मोटार हलेना. रावसाहेबांनी वरपक्षाकडे पाहिले. वरपक्षाचे मामा हात मागे बांधून म्हणाले, "आम्ही मुलगी न्यायला आलोय, मोटार न्यायला नाही." मोठा हशा झाला. मीही हसलो; वाक्य चांगले होते.

तेव्हा कुसुमने हातातला नारळ नवऱ्याच्या मांडीवर ठेवला, खाली उतरली, शालू खोचला आणि आपल्या नेहमीच्या डाव्या बाजूस जाऊन उभी राहिली. मायलेकींनी मोटार चाळीस पावले नेली. उतार लागला, मोटार सुरू झाली, आणि सुरू झाल्यावर थांबणे शक्य नव्हते. नवरामुलगा नारळ घेऊन आत, नवरी रस्त्यावर. रावसाहेबांनी गंगेपर्यंत जाऊन वळसा घेतला, पुन्हा गल्लीत आले, दार उघडे धरले आणि ओरडले, "चढ, कुशे, चढ!" कुसुम पळत पळत चढली. आईच्या गळ्यात पडावयाचे राहून गेले. त्या दिवशी गल्ली जेवढी हसली तेवढी पुन्हा कधी हसली नाही.

कुसुम गेल्यावर डावी बाजू रिकामी झाली. वहिनी मधोमध उभ्या राहून ढकलू लागल्या. परंतु हातांची सवय जुनी, म्हणून त्यांचे एक माप ठरून गेले, आणि रंग उडाला तो त्या मापाने. रावसाहेब दर दसऱ्याला मोटार घासून पुसून चकाकवीत. त्या दोन जागी रंग लावा असे कोणी सुचविले तर म्हणत, "कशाला? उद्या पुन्हा जाणारच की."

अशी चार वर्षे गेली असतील. एके दिवशी दुपारी सरस्वतीवहिनी कोर्टाच्या आवारात माझ्या पेटीसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या कधी तेथे आल्या नव्हत्या. बसा म्हटले तर बसेनात. एका हाताने लिंबाचे खोड धरून उभ्या.

"नाना, एक अर्ज लिहायचाय. गाडी बंद करायचा. मोडीत काढायचा."

"गाडी रावसाहेबांच्या नावावर आहे, वहिनी."

"तुम्ही कागद ठेवला की ते न वाचता सही करतात. तुम्हाला माहीतय."

हे खरे होते. माझ्या लेखणीवर त्यांचा तेवढा विश्वास होता. परंतु फसवून सही घेणे माझ्या व्यवसायास शोभणारे नव्हते. मी त्यांना समजावून सांगितले की असा अर्ज तुमच्याच नावाने मोटार खात्याच्या साहेबांकडे करावा लागेल आणि त्यास सबळ कारण लागेल.

"लिहा, ब्रेक लागत नाही."

"ते तपासणीत सिद्ध व्हावे लागते. तुमची स्वतःची हरकत काय ते सांगा. कारणाशिवाय अर्ज म्हणजे मुंडक्याशिवाय धड."

त्यांनी मागे वळून आवारात कोण कोण आहे ते पाहिले. मग वाकून, पदर तोंडाशी धरून, इतक्या हळू बोलल्या की मला दोनदा विचारावे लागले. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आता ढकलायचं नाही. ढकलून ढकलून अंग बाहेर येतंय माझं. ऑपरेशन करा म्हणतात. यांना सांगितलं, तर म्हणाले, जोर कमरेतनं लावू नको, पायातनं लाव." आणि मग म्हणाल्या, "गाडी गेली तर मी वाचेन, नाना. एवढंच आहे."

मी लिहिले. मी त्यावेळी मनापासून लिहिले हे येथे नमूद करतो. पाऊण तासात माझ्या हातून जो मजकूर उतरला तो माझ्या आयुष्यातील दोन-तीन उत्तम मजकुरांपैकी आहे.

आमच्या धंद्याचा एक धर्म आहे. लिहिलेला कागद अर्जदारास सहीपूर्वी मोठ्याने वाचून दाखवावयाचा. पूर्वी एका दुसऱ्या लेखकाने न वाचता अंगठा घेतला आणि त्या मनुष्याची विहीर गेली. तेव्हापासून मी हा नियम एकदाही मोडलेला नाही. अर्जदार बहिरा असला तरी वाचतो. माझा आवाज मोठा आहे. आवारातील गोंगाटात तसा असावाच लागतो. मी उभा राहिलो, चष्मा घातला आणि वाचले:

"...सदर वाहन स्वयंप्रेरणेने सुरू होत नसल्याकारणे त्यास प्रतिदिनी धक्का देण्याचे काम अर्जदार बाईस करावे लागते, आणि त्या कारणे अर्जदार बाईचे अंग बाहेर येत असून, वैद्यकीय सल्ला विरुद्ध असतानाही सदर श्रम चालू राहिल्यास अर्जदार बाईच्या जिवास अपाय संभवतो..."

चहावाल्याने स्टोव्हला पंप मारणे थांबविले. लिंबाखाली सुरगाण्याची एक पार्टी तारखेसाठी बसली होती, ती सगळी वळून पाहू लागली. आमच्याच गल्लीत राहणारा एक बेलीफ विडी पेटवीत उभा होता. त्याची काडी बोटापर्यंत जळत गेली. वहिनी म्हणाल्या, "नाना, पुरे." परंतु अर्धा वाचलेला अर्ज न वाचल्यासारखाच. मी शेवटच्या "कळावे"पर्यंत वाचला.

त्यांनी माझ्या हातून कागद घेतला. सही केली नाही. त्याची लहान घडी केली, चोळीत ठेवली आणि त्या भिंतीच्या कडेकडेने निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब लिंबाखाली आले. मी मनाची तयारी ठेवली होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, मजकूर ऐकला. बेलीफानं काल पारावर तोंडपाठ म्हणून दाखवला. 'स्वयंप्रेरणेने!' काय भाषा आहे हो तुमची."

मी म्हणालो, "माझा नाइलाज होता."

"तुमचा कसला दोष? तुम्ही लिहिलं. तिनं सांगितलं." आणि हॅट नीट करून म्हणाले, "तिला सांगितलंय आता, गाडीला हात लावायचा नाही. माझ्या गाडीची अशी बेअब्रू आजवर कुणी केली नव्हती."

याप्रमाणे अर्ज न देताच वहिनींची मागणी मान्य झाली. फुलबाजारातील दोन हमाल सकाळी येऊन धक्का मारू लागले. परंतु वहिनी नळावर गेल्या की मागून कोणी तरी "मारा!" म्हणे. भाजी घेताना भाजीवाला हसे. हमाल मोटार ढकलताना एकमेकांस म्हणत, "जपून रे, बाहेर येईल." हे रावसाहेब आरशात पाहत आणि ऐकत, आणि तेही हसत. विनोद त्यांना पहिल्यापासून आवडे.

माझ्या पत्नीने वहिनींना एकदा ऑपरेशनाविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "दवाखान्यातसुद्धा कागद करतात, वैनी. कुणीतरी वाचील."

त्या महिन्याभरात त्या चांदवडला भावाकडे निघाल्या. एक पिशवी आणि एक गाठोडे. रावसाहेब मोटारीच्या नाकावरचा पक्षी पुसत होते. त्यांनी न वळता, त्या पक्ष्यात पाहून विचारले, "सोडायला येऊ का?"

"नको. एस.टी.ला धक्का मारावा लागत नाही."

"चांगलंय," रावसाहेब म्हणाले, आणि पुसत राहिले. वहिनी परत आल्या नाहीत.

दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या दिवसांत, सकाळी नऊच्या सुमारास कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात चांदवडहून फोन आला. वहिनी पहाटे गेल्या. भावाचा निरोप होता की दोन वाजेपर्यंत थांबतो. उन्हाचे दिवस, त्यापुढे थांबता येणार नाही. कुसुम सुरगाण्याहून जीप करून निघाली होती.

रावसाहेबांनी पांढरे कपडे घातले. हॅट घरी ठेवली. ती न घेता घराबाहेर पडलेले मी त्यांना प्रथमच पाहिले. त्यांनी आगबोटीचे दार उघडले आणि मला म्हणाले, "चला, नाना." मी पुढे बसलो. ते चाकामागे बसले. हमाल केव्हाच बाजारात गेले होते. रावसाहेबांनी सेल्फ मारून पाहिला. मग आरसा नीट केला आणि म्हणाले, "मारा."

मागे कोणी नव्हते.

गल्ली ओट्यांवर उभी होती. पुरुष होते, बायका होत्या. ज्यांनी दर दसऱ्याला सोमेश्वरपर्यंत चक्कर घेतली होती ते सर्व होते. कोणी हलले नाही. शांताबाई आपल्या ओट्यावरून म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढलेला नव्हता, "ढकलणारी तर गेली, रावसाहेब. आता कोण ढकलणार?"

रावसाहेबांनी आरसा पुन्हा नीट केला. ते खाली उतरले नाहीत, कारण चालकाने चाक सोडावयाचे नसते. मी उतरलो नाही, कारण बारा वर्षांत मला कोणी उतरावयास सांगितले नव्हते. त्यांनी अधूनमधून "मारा" म्हणावे, आरशात पाहावे, घाम पुसावा. साडेदहा झाले. अकरा झाले. सूर्य पत्र्यावर आला आणि आसन पोळू लागले. स्टँड दहा मिनिटांवर होता आणि चांदवडची गाडी दर तासाला होती, हे दोघांसही ठाऊक होते. उतारसुद्धा केवळ चाळीस पावलांवर होता. मी मनात ती पावले मोजली. मग पुन्हा मोजली.

साडेबारा वाजता ते चाक सोडून उतरले, आणि आम्ही चालत स्टँडवर गेलो. एस.टी.त जागा नव्हती. दोघेही चांदवडपर्यंत उभे राहिलो. पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि माणसे स्मशानातून परत येत होती. वहिनींचा भाऊ ओल्या पंच्याने समोर आला. त्याने आमच्या मागे, रस्त्यावर, दूरवर पाहिले.

"दाजी, गाडी कुठं हाय?"

रावसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवण्यासाठी उचलला. भाऊ एक पाऊल मागे सरला.

"आक्कानं नाय इचारलं शेवटपस्तोर. म्हून आम्ही इचारतो."

कुसुम ओसरीवर बसली होती. ती बापाशी बोलली नाही. माझ्याकडे मात्र तिने एकदा पाहिले आणि ती म्हणाली, "काका, तो आईचा अर्ज... तिच्या पेटीत सापडला. तुमचं अक्षर फार सुंदर आहे."

त्यानंतर मोटार पुन्हा चालली नाही. चाके कोणी तरी नेली, बॅटरी गेली, नाकावरचा पक्षी एके सकाळी नव्हता. अंगणात विटांच्या चार ढिगांवर ती उभी राहिली. रावसाहेबांची बाग पुतण्यांकडे गेली. त्यांच्यासाठी डबा येऊ लागला. गल्लीतून कोणी त्यांच्याकडे जात नसे. मीही कामाच्या गर्दीमुळे फारसा गेलो नाही.

शेवटचे मी त्यांना पाहिले ते त्यांच्या मृत्यूपूर्वी पंधरा-वीस दिवस. कोर्टातून घरी येत होतो, उन्हे कलली होती. रावसाहेब मोटारीत चाकामागे बसले होते. हॅट होती. ती आता कानांवर उतरत होती. मला पाहून त्यांनी हात केला.

"नाना, जरा मागं उभे राहता का? आरशात कुणीच दिसत नाही."

एवढी साधी विनंती मी कशी अमान्य करणार? मी मोटारीस वळसा घालून मागे गेलो. डिकीवरचे ते दोन पांढरे डाग माझ्या पोटाच्या उंचीवर होते. मी त्यांच्यावर नव्हे, त्यांच्या बाजूस तळवे टेकले. पत्रा दिवसभराच्या उन्हाने अजून तापलेला होता. मान वर केली तेव्हा आरशात रावसाहेबांचे डोळे दिसले. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी "मारा" म्हटले असते तर, विटांवर उभी असली तरी, मी ती मोटार ढकलली असती. निदान मला तसे वाटते.

ते म्हणाले, "नाही. तुम्ही नको. तुम्ही पुढं येऊन बसा."

मी हात झटकले, उजवीकडून गेलो, दार उघडले आणि पुढे बसलो. आसन अजूनही तितकेच मऊ होते.